पाच महिन्यांचं गाव

शनिवारी संध्याकाळी अहमदपूरच्या बस स्टँडवर एकदा उभं राहून बघा. लातूरच्या गाडीला गर्दी, नांदेडच्या गाडीलाही गर्दी. पाठीवर सॅक, हातात रिकामा डबा, कानात हेडफोन. बँकेतले नवे साहेब, दवाखान्यातल्या सिस्टर, तासिका तत्त्वावर शिकवणारे सर आणि रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर असे सगळे निघालेले असतात. सोमवारी सकाळी हीच मंडळी डोळे चोळत परत उतरतात. यांना विचारलं, "अहमदपूर कसं आहे हो?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही ओ इथं."

आज ना उद्या या रांगेत तुम्हीही उभे राहणार आहात. कृषी शाखेत असाल तर कार्यानुभवासाठी 'कृषिदूत' किंवा 'कृषिकन्या' म्हणून एखाद्या खेड्यात मुक्काम ठोकावाच लागेल. बी.एड. करणार असाल तर आंतरवासिता, बँकेची परीक्षा निघाली तर प्रोबेशन, नर्सिंग-मेडिकलला असाल तर ग्रामीण पोस्टिंग. यातलं काहीच नसेल तर सहा महिने, अकरा महिने असा कुठला तरी करार असेलच. पहिली नोकरी स्वतःच्या गावात आणि कायमची मिळाली, असं आता किती जणांच्या नशिबी येतं? म्हणून आजचा विषय तुमच्या कामाचा नाही, तुमच्या सुट्टीचा आहे. जिथं थोडेच दिवस राहायचं आहे, त्या गावात सुट्टीच्या दिवशी करायचं काय?

चार रविवार वाया

२०२४च्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण एका सर्वेक्षणाच्या कामासाठी अहमदपूरला आलो. करार डिसेंबरअखेरपर्यंतचा. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळचा, एक वर्ध्याची, एक नगरची, एक जळगावचा आणि मी जालन्याचा. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. मुलींची खोली एका गल्लीत, आमची शेजारच्या गल्लीत. सोमवार ते शनिवार गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि रविवारी सुट्टी.

पहिले चार रविवार काय केलं, सांगू? काहीच नाही. दहा वाजता उठायचं, कपडे धुवायचे, पार्सल मागवायचं आणि आडवं पडून रील बघायच्या. संध्याकाळी घरी फोन, "कंटाळा आलाय." शेजारी झोपलेला पोरगा काय बघतोय हेही माहीत नसायचं. पाचव्या रविवारी घरमालकीण मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुट्टीच्या दिशी बी झोपूनच राहिलाव? गाव तरी बघा की बाबा."

लाज वाटली. त्याहून जास्त वाटलं ते वेगळंच. महिनाभर आम्ही इथल्या माणसांना 'तुमचं शेत किती, विहीर आहे का, कर्ज किती' असे प्रश्न विचारत होतो आणि ते राहतात ते गाव आम्हाला ठाऊक नव्हतं. समोरचा माणूस उत्तर द्यायला का टाळाटाळ करतो, याचं थोडं उत्तर तिथंच मिळालं.

रविवार फुकटात मिळालेला नाही

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण ती विसरतो. रविवारची सुट्टी कुणी आयती दिलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबायचे आणि त्यांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांशी वर्षानुवर्षं वाद घातला. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाला जाता आलं पाहिजे, असंही त्यांनी मांडलं होतं, असं सांगतात. एवढ्या भांडणातून मिळालेला दिवस आम्ही रील बघण्यात घालवत होतो!

पहिली गाडी कंधारची

मग ठरलं. दर रविवारी पाचही जण बाहेर. पहिली पसंती मिळाली कंधारला. कारण साधं होतं. सर्वेक्षणात भेटणारे शेतकरी लाल बैलाकडे बोट दाखवून अभिमानानं सांगायचे, "लाल कंधारी हाय." ज्या गावाच्या नावानं इथली गुरं ओळखली जातात, ते गाव बघू म्हटलं.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर चढायचा नाही, धाप लागायची नाही. भोवती खंदक, आत तटबंदी. त्याची सुरुवात राष्ट्रकूटांच्या काळात, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी झाली असं मानतात आणि तिसऱ्या कृष्णाचं नाव घेतात. पुढं बहामनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम असे सगळे इथं येऊन गेले. गावालगतचं मोठं तळं 'जगत्तुंग सागर' म्हणून ओळखलं जातं. 'जगत्तुंग' ही राष्ट्रकूट राजाची पदवी. हाजी सय्याह सरवर यांचा दर्गाही याच गावात आहे. शाळेच्या पुस्तकात राष्ट्रकूट म्हटलं की आपल्याला वेरूळचं कैलास लेणं आठवतं. त्याच राजवटीचा धागा आपल्या खोलीपासून एका एसटीच्या अंतरावर आहे, हे आम्हाला पाचातल्या एकालाही माहीत नव्हतं.

आता खरी गंमत. सोमवारी एका गावात फॉर्म भरताना सहज बोलून गेलो, "काल कंधारला गेलो होतो." समोरचे काका सरसावून बसले. "किल्ल्यात गेलाव का नुसतं तळं बघून आलाव?" पंधरा मिनिटं कंधारवरच बोलणं झालं. मग फॉर्म. त्या दिवशी कर्जाच्या रकान्यात पहिल्यांदा 'निरंक'ऐवजी खरा आकडा आला असावा. चहा तर आलाच.

बेट, किल्ला आणि तीन भाषा

पुढच्या रविवारांना नंबर लागला वडवळ नागनाथचा. चाकूर तालुक्यातलं हे गाव तिथल्या बेटामुळं ओळखलं जातं. आपल्याकडं 'बेट' म्हणजे पाण्यातलंच असं नाही. माळावर उठून दिसणाऱ्या टेकाडालाही बेट म्हणतात. इथल्या टेकडीवर औषधी वनस्पती आहेत आणि लोक तिला 'संजीवनी बेट' म्हणतात. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा इथं पडला, अशी कथा आहे. आमची वर्ध्याची मैत्रीण वनस्पतिशास्त्राची. आठवडाभर गप्प राहणारी ही मुलगी त्या टेकडीवर दोन तास अखंड बोलत होती. कुठलं पान कशाचं, कुठली वेल कशी ओळखायची. एकानं रोप उपटायला हात घातला, तर तिनं मनगटच धरलं. "बघायचं, फोटो काढायचा, उपटायचं नाही." पाच आठवड्यांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा नीट ऐकला तो तिथं.

मग उदगीर. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते याच उदगीरच्या लढाईत. या विजयानंतर वर्षभरातच पानिपत झालं. किल्ल्याच्या तटावर उभं राहून हे आठवलं की इतिहासाच्या पेपरातलं 'कारणे द्या' एकदम खरं वाटायला लागतं. २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेही याच गावात. उदगीरच्या बाजारात मराठी, उर्दू आणि कन्नड एकाच दुकानात कानावर पडतात. जळगावच्या मित्रानं विचारलं, "इथं कन्नड कुठून आली?" उत्तर नकाशात आहे. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार फेररचनेत बीदर कर्नाटकाकडं गेलं, हे तालुके इकडं आले. पुढं १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे इथल्या आजोबांनी घर न बदलता जिल्हा दोनदा बदललेला असू शकतो. कागदपत्रांत जुने पत्ते वेगळे का दिसतात, हे कोडं आम्हाला कामावर रोज पडायचं. ते एका रविवारी सुटलं.

एकत्र जायचं म्हणजे भांडायचं

हे सगळं वाचून वाटेल, वा, काय ग्रुप होता! तसं नव्हतं. तिसऱ्याच रविवारी पैशांवरून वाजलं. जळगावच्याला हॉटेलात जेवायचं होतं, नगरची घरी पैसे पाठवत असल्यानं डबा घेऊ म्हणत होती. ती स्पष्ट बोलली नाही, फक्त "मला बरं नाही, तुम्ही जा" म्हणाली. आम्ही गेलो आणि दिवसभर कुणालाच मजा आली नाही. रात्री मावशींच्या ओट्यावर बसून नियम ठरवले. डबा सगळ्यांनी मिळून करायचा. खर्चाची मर्यादा सगळ्यात कमी ज्याला जमतं त्याच्या हिशेबानं ठेवायची. ठिकाण दर वेळी वेगळ्यानं निवडायचं आणि बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. अंधाराआधी परतायचं. शेवटच्या गाडीचं वेळापत्रक जातानाच विचारून ठेवायचं.

मुलींच्या घरी आधी धाकधूक होती. "अनोळखी पोरांबरोबर कुठं फिरतेस?" हा प्रश्न आलाच. नगरच्या मैत्रिणीनं मग एक केलं. दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावून किल्ला दाखवायची. चौथ्या कॉलला आई म्हणाली, "पुढच्या रविवारी कुठं?" शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. हिशेब करताना दोघींचं मिळून एक तिकीट, त्यामुळं पाच जण चाराच्या भाड्यात. ते वाचलेले पैसे सुशीला आणि चहाला. सुशीला म्हणजे कुणी मुलगी नव्हे बरं का! चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला हा नाश्ता लातूर-नांदेडकडं गाड्यागाड्यावर मिळतो. शिरोळच्यानं पहिल्या दिवशी हॉटेलात "सुशीला आहे का?" हा प्रश्न ऐकून आमच्याकडं जे बघितलं, ते विसरणं शक्य नाही.

माळेगाव आणि येळवस

डिसेंबर आला. करार संपायला तीन दिवस. त्या वर्षी २९ डिसेंबर हा रविवार होता आणि त्याच दिवशी माळेगावची यात्रा सुरू होत होती. माळेगाव लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरच. मार्गशीर्षात भरणारी ही खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत माहीत आहे. घोडे, गाढवं, उंट, बैल. भटक्या-विमुक्त समाजांची माणसं वर्षभर पोटासाठी पांगलेली असतात, ती इथं भेटतात. त्यांच्या पंचायती इथंच भरायच्या. 'येळकोट येळकोट'च्या गजरात पालखी निघते आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात. रविवारी, खंडोबाच्या वारी, सुट्टी घेऊन आम्ही खंडोबासमोर उभे. मला लोखंडे आठवले. घोड्यांच्या रांगेत फिरताना एकानं विचारलं, "घ्यायचाय का?" जळगावचा म्हणाला, "काका, परवा नोकरी संपतेय." काका हसून म्हणाले, "मग तर घ्याच. चालत कशाला जाताव?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वेळ अमावस्या. इकडं म्हणतात 'येळवस'. लातूर-धाराशिव आणि नांदेडच्या काही भागातला हा सण बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. त्या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजार ओस पडतो आणि अख्खं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून दगड मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची. जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि डोक्यावर मातीच्या भांड्यातून आणलेली आंबील. ओळखीचा असो-नसो, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

आम्हाला हाक मारली एका आजींनी. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फॉर्म आम्हीच भरला होता. कोपीजवळ त्या, त्यांचे म्हातारे मालक आणि सातएक वर्षांची नात. मुलगा-सून दिसेनात. वाढता वाढता आजींनी विचारलं, "तुम्ही कुठले म्हणायचं?" शिरोळचा म्हणाला, "कोल्हापूरकडचा."

आजींचा हात थांबला. "मग तुमच्याकडंच की ओ आमचं पोरगं. कारखान्याला गेलंय. दोघं बी. दिवाळी झाली की गेले."

बालाघाटाच्या या डोंगरी पट्ट्यातून दर हंगामात माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग चार-पाच महिने तोडून ती फेडायची. "येळवशीला येता नाही आलं?" कुणीतरी विचारलं. आजी म्हणाल्या, "सुट्टी कुठली? एक दिवस बसलं की खाडा धरतेत." खाडा म्हणजे काम बुडालं म्हणून मजुराच्या नावावर मांडलेला दंड. त्यांच्या लेकाचंही ते पाच महिन्यांचंच गाव, आमच्यासारखंच. फक्त त्याला रविवार नव्हता.

शिरोळचा एकदम गप्प झाला. परतताना रस्त्यात बोलला. त्याच्या घराची उसाची शेती आहे. लहानपणापासून दर हिवाळ्यात शेताच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या बघितल्या. घरात सगळे त्यांना 'बीडवाले' म्हणतात. कुठलेही असोत, 'बीडवाले'. "वीस वर्षांत मी त्यातल्या एकाला गाव नाही रे विचारलं," तो म्हणाला. "आणि आज त्यांच्या आईच्या हातचं जेवलो."

१ जानेवारीला आम्ही पाच दिशांना पांगलो. आठवड्यानं ग्रुपवर त्याचा मेसेज आला. शेतात टोळी उतरली होती. आजींचा मुलगा नव्हे, तसले योगायोग सिनेमात. पण यानं जाऊन विचारलं होतं, "दादा, गाव कुठलं?" समोरून उत्तर आलं, "मुखेडकडचं. तुम्हाला नाही माहीत व्हायचं." हा म्हणाला, "मुखेड? कंधारच्या पलीकडं ना?" तो माणूस कोयता खाली ठेवून याच्याकडं बघतच राहिला. मग दोघं बांधावर बसले. त्याच्या सांगण्यावरून यानं वडिलांशी वाद घालून टोळीसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ कोप्यांपर्यंत नेला. फार मोठी क्रांती नाही. पण पाच महिन्यांच्या पगारातून त्यानं घरी काय नेलं असं विचाराल, तर मी हे सांगेन.

म्हणून, दोस्तांनो, तुमचीही पोस्टिंग कुठल्या तरी 'काही नाही ओ इथं'ला येईल. तेव्हा पहिला रविवार झोपा, हक्क आहे तुमचा. दुसऱ्या रविवारी मात्र शेजारच्या खोलीचं दार वाजवा.

निघण्याआधी

• ठिकाणं मोबाईलला विचारण्याआधी घरमालक, कंडक्टर आणि चहावाले मामा यांना विचारा. गाडी कधी आणि कुठून, हेही तेच सांगतील.

• पहिला फेरफटका कामाच्या गावातच मारा. आठवडी बाजार चुकवू नका. गावाची चव, भाषा आणि भाव तिथं एकदम कळतात.

• सण आणि यात्रा कामाच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. वेळ अमावस्या आणि माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी लागून येतात.

• खर्चाची मर्यादा सगळ्यात तंगीत असलेल्याच्या खिशावर ठरवा आणि त्याला ते बोलून दाखवायला लावू नका.

• किल्ल्यावर नाव कोरू नका, बेटावरचं रोप उपटू नका. दर्गा, मंदिर, मठ, कुठंही गेलात तरी चप्पल कुठं काढायची हे आधी विचारा.

• कुणी जेवायला हाक मारली तर 'नको नको' फार करू नका. बसा. आणि जेवताना विचारा, "घरातलं बाकी कोण कुठं असतं?"